कोळी चावला? चुन्याची डबी फडताळातच राहू द्या

दिवाळीआधी माळा झाडायला चढते, तेव्हा दोन-तीन वर्षांत एकदा तरी कोळी चावतोच. आपल्या घरातल्या कोळ्यांचा दंश बहुधा किरकोळच असतो.

आधी एक शंका फेडते. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर भाजल्यासारखा लांबट पट्टा दिसला, की घरात कुणीतरी म्हणतंच, "कोळी मुतला." तो कोळी नसतो. दिव्याकडे येणारा लाल-काळा बारीक किडा अंगावर चिरडला, की त्यातल्या विषाने कातडी अशी पोळते. तिथेही पहिलं काम साबणाने धुणंच.

दंश झाल्याबरोबर साबण आणि नळाचं पाणी. बोटाला किंवा मनगटाला चावला असेल तर सूज चढायच्या आत अंगठी, बांगड्या काढा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा धरा. खाजेला कॅलामाइन, दुखत असेल तर पॅरासिटामॉल. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

घोळ होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशीची सूज आणि खाज ही शरीराची प्रतिक्रिया असते, ती हळूहळू ओसरते. मला हे ठाऊक नव्हतं. लाल गाठ बघून "आत पू झाला" असं ठरवलं, गरम सुईने टोचलं, दाबलं, वर चुना थापला. चुन्याने कातडी भाजली आणि सुईने जंतू आत गेले. आठवडाभर अँटिबायोटिक घ्यावं लागलं. कोळ्याने केलं त्याच्या दसपट मी स्वतःच केलं होतं. म्हणून सांगते, टोचू नका, दाबू नका, चिरू नका, चोखू तर नकाच. चुना, तंबाखू, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका.

त्याऐवजी बॉलपेन घ्या. लाली जिथे संपते तिथे कडेने रेघ ओढा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. हसतील घरचे, हसू देत. दुसऱ्या दिवसानंतरही लाली रेघ ओलांडत असेल, जागा गरम लागत असेल, ठणका वाढत असेल किंवा ताप आला, तर डॉक्टर. नुसती खाज असेल आणि लाली रेघेच्या आत असेल, तर नखं कापा आणि गप्प बसा.

ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर रेघ ओढत बसू नका, 108 लावा. पोटात किंवा अंगात पेटके आले, किंवा तान्ह्या बाळाला चावला, तर थेट दवाखाना. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारा मोठा केसाळ कोळी चावला तर असे पेटके येतात. कोळी दिसलाच तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चपलेने चेंदामेंदा केलेला कोळी डॉक्टरांनाही ओळखता येत नाही.