खेळाडूने नवा स्पेल मागितल्यास गेम मास्टरने टाळायच्या चुका

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या फाशांच्या कथाखेळात खेळाडू स्वतःच्या कल्पनेतला स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, मागतो, तेव्हा बहुतेक गेम मास्टर (खेळ चालवणारे) आधी डॅमेजचे, म्हणजे शत्रूला होणारी इजा ठरवणारे, फासे मोजू लागतात. वास्तविक हा हिशेब या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये त्यासाठी तयार तक्ताच आहे. त्यानुसार तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला एका शत्रूसाठी दहा बाजूंचे ५ फासे आणि अनेकांसाठी सहा बाजूंचे ६ फासे मिळतात. त्याच लेव्हलचा फायरबॉल मात्र सहा बाजूंचे ८ फासे टाकतो. तेव्हा ‘फायरबॉल चालतो, मग माझा स्पेल का नको?’ हा युक्तिवाद कितीही हौसेने मांडला गेला तरी मान्य करू नये, कारण फायरबॉल मुळातच तक्त्याबाहेरचा आहे.

खरी गफलत होते ती डॅमेज नसलेल्या स्पेलमध्ये. समजा, शत्रूची सावली जमिनीला खिळवणारा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल एकाने मागितला. शत्रूला हलता येणार नाही, पण हल्ला करता येईल. वरवर पाहता हा खेळातल्या होल्ड पर्सन या स्पेलपेक्षा सौम्य वाटतो, कारण होल्ड पर्सनमध्ये माणूस पूर्ण जखडला जातो. परंतु होल्ड पर्सन फक्त मानवसदृश प्राण्यांवर चालतो, त्याला कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवण्यासाठी लक्ष एकाग्र ठेवणे) लागते आणि शत्रूला स्वतःच्या प्रत्येक टर्नच्या, म्हणजे पाळीच्या, शेवटी नव्याने सेव्हिंग थ्रो (परिणामातून सुटण्यासाठी टाकायचा फासा) मिळतो. सावलीच्या स्पेलमध्ये यांपैकी एकही अट नसेल, तर केवळ नखे आणि दातांनी लढणारा अजस्र राक्षस जागीच खिळतो आणि पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, दुरून बाण मारून त्याला निवांत संपवते. सेव्हिंग थ्रो आणि कॉन्सन्ट्रेशन या दोन अटी घातल्या, की हाच स्पेल बिनधास्त देता येतो.

स्पेलसाठी पूर्ण ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च होते की बोनस ॲक्शन (तिच्या जोडीची जादा कृती), हेही अनेकदा विचारायचे राहून जाते. बोनस ॲक्शनवर चालणाऱ्या स्पेलनंतर त्याच टर्नमध्ये तलवारही चालवता येते, म्हणून त्याचा परिणाम मुद्दाम कमी ठेवावा लागतो.

लढाईबाहेरचे स्पेल तपासताना आणखी कठोर व्हावे, असे माझे मत आहे. कोणतेही कुलूप उघडणारा किंवा खोटे हमखास ओळखणारा स्पेल फुकट आणि वारंवार वापरता आला, तर कथेतले निम्मे अडथळे उरतच नाहीत. मृताला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफायसाठी ३०० सुवर्णनाण्यांचे हिरे खर्ची पडतात, तेही मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आतच. अशी किंमत नव्या स्पेललाही लावता येते.

टेबलावर, खेळ रंगात आलेला असताना होकार किंवा नकार देऊ नये. दोन सेशनमधल्या काळात स्पेल लिहून घ्यावा आणि त्यातून कोणता प्रसंग घडवायचा आहे, हे खेळाडूला विचारावे. पुष्कळदा जुन्याच स्पेलचे रूप बदलून काम भागते, आगीऐवजी काजव्यांचा थवा आला तरी नियम तेच राहतात. काही सेशननंतर फेरविचार होईल, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे.

दिलेला स्पेल जड ठरलाच, तर भर लढाईत त्याची धार काढू नये आणि यापुढच्या प्रत्येक शत्रूला त्याच्यापासून अभय देण्याची युक्ती तर मुळीच करू नये, कारण खेळाडूंना ती लगेच कळते. सेशन संपल्यावर खेळाडूशी बोलून एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी कालावधी, मग सेव्हिंग थ्रो, शेवटी लेव्हल. बदललेला स्पेल त्याला नकोसा वाटल्यास, त्या जागी दुसरा निवडण्याची मुभा द्यावी.