कॅप्सूल फुटते, चेमटते, उघडते: दोष कुठे शोधायचा

हार्ड कॅप्सूल भरताना दोष दिसला की ऑपरेटरचा हात आधी क्लोजिंग पिनकडे (भरलेली कॅप्सूल दाबून बंद करणाऱ्या पिनकडे) जातो. तो आवरा. पहिली तपासणी रिकाम्या कॅप्सूलमधल्या ओलाव्याची करा. जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये १३ ते १६ टक्के पाणी असायला हवे. ते १० टक्क्यांच्या आसपास उतरले की कवच ठिसूळ होते आणि बंद होताना बॉडीची (कॅप्सूलच्या खालच्या भागाची) कड चिरते. १८ टक्क्यांच्या वर गेले की कवच मऊ पडते, बुशमध्ये (मशीनमध्ये कॅप्सूल धरणाऱ्या भोकात) अडकते, बॉडी आणि कॅप (वरची टोपी) वेगळ्या होत नाहीत. अशा मालावर मशीन कितीही जुळवले तरी दोष थांबत नाहीत.

म्हणून रिकाम्या कॅप्सूल १५ ते २५ अंश सेल्सियस आणि ३५ ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत, पिशवी घट्ट बांधून ठेवा. भरण्याच्या खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखा. हॉपरमध्ये लागेल तेवढाच माल ओता. उघडी राहिलेली अर्धी पिशवी दुसऱ्या पाळीत वापरणे ही या कामातली सर्वांत महागडी काटकसर आहे. औषधाची पावडरच ओलावा ओढणारी असेल, तर ती कवचातले पाणी खेचते आणि भरलेली कॅप्सूल काही आठवड्यांनी तडकते. तिथे एचपीएमसीची (सेल्युलोजपासून बनवलेली, जिलेटिन नसलेली) कॅप्सूल निवडा. तिच्यात मुळातच ३ ते ८ टक्के पाणी असते आणि ते कमी झाले तरी ती जिलेटिनइतकी ठिसूळ होत नाही.

आकाराचा हिशेब कागदावरच करा. शून्य नंबरच्या (कॅप्सूलच्या एका ठरावीक आकाराच्या) बॉडीत सुमारे ०.६८ मिलिलिटर मावते. पावडरची टॅप्ड घनता (ठोकून बसवल्यावरची घनता) मिलिलिटरला ०.७ ग्रॅम असेल तर सहज भरणारे वजन ४७६ मिलिग्रॅम. तिथे ५५० मिलिग्रॅम बसवायला गेलात, तर पावडरचा प्लग (दाबलेला गठ्ठा) बॉडीबाहेर डोकावतो आणि कॅप लॉक होत नाही.

आता मशीन. दोष मोजण्यापेक्षा तो कुठून येतो ते पाहा. सेगमेंटना (बुश बसवलेल्या तुकड्यांना) नंबर द्या आणि टरेटची (सेगमेंट फिरवणाऱ्या चकतीची) एक पूर्ण फेरी सेगमेंटनुसार वेगवेगळी गोळा करा. चेमटलेल्या किंवा चिरलेल्या कॅप्सूल एकाच सेगमेंटमधून येत असतील, तर वरचा आणि खालचा बुश एका रेषेत नाही किंवा बुशमध्ये पावडर साचली आहे. अलाइनमेंट पिन दोन्ही बुशमधून स्वतःच्या वजनाने खाली उतरली पाहिजे. ती ढकलावी लागत असेल तर स्क्रू सैल करून पुन्हा जुळवा. दोष सगळीकडे विखुरलेला असेल, तर कारण सामाईक असते: कवच, व्हॅक्यूम (बॉडी कॅपमधून खाली ओढणारी हवेची ओढ), वेग किंवा क्लोजिंगची उंची.

व्हॅक्यूम कमी पडला की बॉडी कॅपमधून सुटत नाही, जास्त झाला की बॉडी आपटून कड दुमडते. व्हॅक्यूम वाढवण्याआधी फिल्टर आणि नळ्या साफ करा. चोंदलेला फिल्टरच बहुधा मूळ असतो.

क्लोजिंग पिनची उंची डोळ्यांनी नव्हे, व्हर्नियरने ठरवा. शून्य नंबरची बंद लांबी साधारण २१.७ मिलिमीटर असते, पण पुरवठादाराने दिलेला आकडाच अंतिम माना. पिन जास्त वर गेली तर कॅपचा घुमट आत दबतो, कमी गेली तर कॅप पॉलिशरमध्ये (भरलेल्या कॅप्सूल पुसणाऱ्या यंत्रात) सुटते. लांबी बरोबर असूनही कॅप उघडत असेल तर आत हवा कोंडली आहे. वेग कमी करा आणि सांध्यावर पावडर आहे का ते पाहा.

वजनात फरक येत असेल, तर बाऊलमधली (पावडरच्या भांड्यातली) पावडरची पातळी आधी पाहा आणि टॅम्पिंग पिनची (पावडर दाबून प्लग करणाऱ्या पिनची) खोली नंतर बदला. २० कॅप्सूलमधल्या पावडरचे वजन घ्या. सरासरी ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर १० टक्के, त्याहून जास्त असेल तर ७.५ टक्के फरक चालतो. दोनपेक्षा जास्त कॅप्सूल या मर्यादेबाहेर नकोत आणि दुप्पट मर्यादेबाहेर एकही नको.

द्रव भरलेल्या कॅप्सूलला बँडिंग (सांध्याभोवती पट्टी लावून तो बंद करणे) लागते. बँड लावण्यापूर्वी कॅप्सूल खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम असेल तर आतली हवा फुगून बँडमध्ये बुडबुडा धरते आणि तिथूनच पुढे गळती होते. सांधा तेलकट असेल तर बँड चिकटत नाही. वाळवताना गरम हवेची घाई नको, कवच वाकते. वाळल्यावर कॅप्सूल पांढऱ्या शोषक कागदावर आडव्या पसरा, व्हॅक्यूममध्ये ठेवा आणि डाग शोधा. कागदावर एक डाग जरी दिसला, तरी त्या ट्रेमधली प्रत्येक कॅप्सूल वेगळी तपासा.