सुई टोचताना गाणं: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मुलांच्या वॉर्डात वाजवायला येणारे नवे वादक बहुतेकदा गाणी बसवून येतात. गाणी लागतातच, पण ही मैफल नव्हे. रक्त काढताना, सलाइन लावताना, भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग बदलताना मुलाचं मन क्षणाक्षणाला पालटतं आणि आपल्याला त्याच्यामागे जावं लागतं. मोबाइलवरचं गाणं मुलाकडे बघून लय बदलत नाही. आपण बदलू शकतो, म्हणून तर आपल्याला बोलावतात.

पहिली शिकायची गोष्ट हीच. धाय मोकलून रडणाऱ्या मुलापुढे संथ अंगाई धरली, तर ती त्याच्या कानातच शिरत नाही. आधी त्याच्या श्वासाची गती पकडा, त्याच गतीने जरा ठसक्यात वाजवा. मूल तुमच्याकडे वळलं की लय हळूहळू उतरवत न्या. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी ते १९४०च्या दशकात मांडलं. वाचायला सोपं आहे, हातात बसायला वेळ लागतो.

रडणं सुईपासून सुरू होतं असं समजू नका. स्पिरिटचा वास आला, दंडाला पट्टा आवळला की ओठ थरथरायला लागतात. म्हणून ट्रे येण्याआधीच सुरुवात करा. आईच्या मांडीवर बसलेल्या चार वर्षांच्या मुलीसाठी मी ओळीचा शेवटचा शब्द मोकळा सोडते. "झाडावर बसला...?" ती म्हणते, "हत्ती!" पुढचा प्राणी शोधण्यात ती गुंतते, तेवढ्यात नर्सची सुई आत गेलेली असते. "आई गं" येतंच, पण ओळ तुटत नाही. चिकटपट्टी लागेपर्यंत थांबू नका. सुई गेल्या गेल्या संगीत बंद पडलं की मूल पुन्हा बिथरतं.

मुलाची रोजची झोपायची अंगाई मात्र अशा वेळी वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. ती वेदनेशी जोडली जायला नको.

संगीत हे बधिर करणाऱ्या मलमाला पर्याय नाही. नेहमीचं मलम चढायला साधारण एक तास लागतो. ते लावलंय का, हे नर्सला नि:संकोच विचारा. उभं राहायचं ते सुईच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. डॉक्टर स्टेथोस्कोप लावत असतील तर गप्प. प्रत्येक खाटेनंतर वाद्य पुसायचं, त्यामुळे पुसता न येणारं वाद्य आणूच नका.

आणि मुलाला विचारा. काहींना गाणं नकोच असतं. तोंड फिरवलं, कानावर हात ठेवले, की थांबायचं. गप्प पडलेलं मूल शांत झालंय असंही धरून चालू नका. मुठी आवळलेल्या आहेत का, पाय ताठ आहेत का, ते बघा. हे बघायची सवय लागावी म्हणून सुरुवातीचे काही आठवडे वाद्य न घेता अनुभवी नर्सच्या शेजारी नुसतं उभं राहू द्या, असं वॉर्डाच्या प्रमुखांना सांगा.