टर्कीच्या शिकारीत कॉल निवडताना आणि वाजवताना या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियात वसंतातल्या हंगामात रानटी टर्की पक्ष्याच्या मागावर चोरपावलांनी जायला कायद्याने मनाई आहे. एका जागी बसायचं, मादीचा आवाज काढायचा आणि नराला आपल्याकडे बोलावून घ्यायचं, एवढीच पद्धत तिथे चालते. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रंही बाद. म्हणजे खरं हत्यार हातातला किंवा तोंडातला कॉल, टर्कीचा आवाज काढायचं साधन. बंदुकीची वेळ त्यानंतर येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी माणसांना या शिकारीची गोडी लागते, त्यांना घरातून काही शिकायला मिळालेलं नसतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे दुकानातलं पाकीट आणि व्हिडिओ हेच गुरू, आणि दोघंही माल खपवायला बसलेले.

पहिली चूक तिथेच होते. व्हिडिओतला मुरलेला शिकारी तोंडातला डायफ्रॅम वाजवतो, म्हणून आपणही आधी तोच घेतो. अ‍ॅल्युमिनियमची नालेसारखी वाकवलेली चौकट, तिच्यावर ताणलेला लेटेक्सचा पातळ पापुद्रा आणि कडेने टेप. दोन्ही हात मोकळे राहतात हा त्याचा मोठा फायदा. पण बसवायला तो सगळ्यात अवघड. उबळ येत असेल तर तो तुमच्या टाळूला मोठा आहे. टेपची कड कात्रीने थोडी थोडी कापत जा, चौकट कापू नका. आवाजाऐवजी नुसती फुसफुस येत असेल तर हवा कडेने निसटते आहे. चौकट बोटांनी किंचित वाकवून टाळूच्या कमानीला बसती करा, उघडी बाजू पुढे ठेवा, जिभेने हलकेच दाबा आणि हवा गालांतून न फुंकता पोटातून सोडा. पापुद्रे एक किंवा दोनच असलेला घ्या. सराव गाडी चालवताना करावा, घरच्यांचा जीव खाऊ नये. आणि हा कॉल जमेपर्यंत हंगामात त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

सुरुवात बॉक्स कॉलने करावी असं माझं स्पष्ट मत आहे. लाकडी पेटी, वर दांडीचं झाकण, झाकण पेटीच्या पातळ भिंतीवर घासलं की आवाज. अर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने १८९७ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि रचना आजही मुळात तीच आहे. यात गडबड होते ती दोन कारणांनी. एक तर पेटीच्या भिंती बोटांनी दाबल्या जातात आणि आवाज गुदमरतो. पेटी खालून धरा. दुसरं म्हणजे खडू. झाकणाला तेलविरहित खडूच लावायचा, त्यासाठी कॉलचा खडू वेगळा मिळतो. आवाज घसरायला लागला म्हणून भिंतीच्या कडेवर सँडपेपर मारू नका. त्या कडेची गोलाई कारागिराने आवाज जुळवून घासलेली असते, ती गेली की कॉल गेला. पावसात बॉक्स मुका होतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीतच वाजवला तरी चालतो.

पॉट कॉलवर मात्र जरा थांबायला हवं, कारण मऊ, जवळचे आवाज त्याच्याइतके खरे दुसऱ्या कशातून निघत नाहीत. गोल भांड्यात वर पाटीच्या दगडाची, काचेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकती, खाली तळाला भोकं, आणि घासायला लाकडी काडी, म्हणजे स्ट्रायकर. बहुतेक नवखे भांडं तळहातात घट्ट धरतात. भोकं बंद झाली की आवाज बसतो. बोटांच्या टोकांवर, कडेने धरा, म्हणजे तळाशी पोकळी राहते. काडी पेन्सिलीच्या पकडीत घ्या, टोक किंचित आपल्याकडे कललेलं असू द्या, आणि चकतीच्या मध्यावर नको, मध्य आणि कड यांच्या दरम्यान लहानसा लांबट गोल काढा. आवाज दोन स्वरांत तुटायला हवा: आधी बारीक, मग खाली उतरणारा खरखरीत, क्या-व, क्या-व. काडी चकतीवरून उचलायची नाही. ती घसरून चीं होत असेल तर चकती गुळगुळीत झाली आहे किंवा तिला बोटाचं तेल लागलं आहे. पाटीला बारीक सँडपेपर आणि काचेला जरा जाड, एकाच दिशेने मारा, धूळ फुंकून टाका आणि पुन्हा बोट लावू नका. काडीचं टोकही घासायला विसरू नका. निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. दमट पहाटेसाठी खिशात अ‍ॅक्रिलिक किंवा कार्बनची काडी असावी.

आता जंगलात. सूर थोडा बेसूर झाला तर काही बिघडत नाही, खऱ्या माद्याही कर्कश ओरडतात. लय चुकली की मात्र नर गप्प होतो. पाच-सात क्याव सारख्या अंतराने, मग शांतता. आणखी एक जपा: घाबरलेली टर्की एकच तीक्ष्ण ‘पट्ट’ असा आवाज काढते. क्लक, म्हणजे मादीचा शांत, तुटक एकेरी आवाज, जोरात काढायला जाल तर तो नेमका तसाच वाटतो, आणि येणारा नर पाठ फिरवतो.

पहाटे नर अजून रातथाऱ्यावर, उंच फांदीवर असतो. तुम्ही साद घालता, तो वरून दणदणीत ओरडतो, तुम्हाला हुरूप येतो आणि तुम्ही घालतच राहता. इथेच सकाळ वाया जाते. निसर्गात मादी नराकडे चालत जाते; तुमचा आवाज जितका आतुर, तितका तो फांदीवर बसून वाट बघतो. दोन-तीन हळू क्याव पुरेत. तो खाली उतरल्यावर हाताने वाळकी पानं खरवडा; चरणाऱ्या मादीची खूण याहून चांगली नाही.

तो कुठे आहे हे शोधायला टर्कीचा कॉल वापरू नका. उजाडण्याआधी घुबडाचा आवाज, नंतर कावळ्याचा. दचकून नर उत्तर देतो, पण तुमच्याकडे निघत नाही, आणि तुम्हाला नीट झाड बघून बसायला वेळ मिळतो.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती अडकलेल्या नराची. साठ-सत्तर यार्डांवर येतो, पिसारा फुलवतो, ओरडतो, पुढे येत नाही. बंदुकीचा मारा साधारण चाळीस यार्डांच्या आतला. अशा वेळी बहुतेक जण आवाज वाढवतात. उलट करा. मध्ये ओढा किंवा कुंपण नाही ना, ते आधी आठवा; असेल तर दोष कॉलचा नाही, बसायच्या जागेचा आहे. नसेल तर एकदम गप्प बसा. मग मान मागे वळवून हळूच घुर्र करा, म्हणजे मादी दूर चालली असं त्याला वाटेल. त्याच्याबरोबर माद्या असतील तर पहाटे नाद सोडा आणि नऊनंतर परत या. माद्या अंड्यांवर गेल्या की तोच नर एकटा पडलेला असतो.

शेवटची चूक जिवावर बेतणारी आहे. सार्वजनिक जंगलात गॉबल, म्हणजे नराची दणदणीत साद, कधीही काढू नका. तुमचा आवाज जितका अस्सल, तितका दुसरा शिकारी त्याच्या रोखाने येणार. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. पाठ खांद्यांपेक्षा रुंद झाडाला लावून बसा. माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, कॉल वाजवू नका, ‘स्टॉप!’ असं मोठ्याने ओरडा. नर पळाला तर पळाला.

हंगाम संपल्यावर डायफ्रॅम धुऊन, वाळवून, पापुद्र्यांमध्ये टूथपिक घालून फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर लेटेक्स चिकटतं. पॉटच्या चकतीवर कापड बांधा, आणि बॉक्सचं झाकण रबरबँडने आवळून तो कोरड्या कपाटात ठेवा.