31-14-6: बॉक्सरचं रेकॉर्ड कसं वाचायचं आणि आपलं कसं लिहायचं

तालमींच्या सोलापुरात कुस्तीचा निकाल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चितपट झाली की गुणांवर सुटली, एवढं विचारलं की भागतं. बॉक्सिंगचं रेकॉर्ड आकड्यांत येतं आणि नवी पोरं तिथेच फसतात.

उदाहरणाला 31-14-6 हे रेकॉर्ड घेऊ. वरवर पाहिलं तर बेताचंच वाटतं. ते आहे जपानच्या गट्स इशिमात्सुचं. चौदा वेळा हरलेला हा गडी 1974 ते 1976 डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा लाइटवेट विश्वविजेता होता. या वजनात तिथवर पोचलेला पहिला जपानी तोच.

पहिला आकडा विजयांचा, दुसरा पराभवांचा, तिसरा बरोबरीचा. तिन्हींची बेरीज एकूण लढतींइतकी, म्हणजे इथे 51 यायला हवी. येत नसेल तर एखादी रद्द ठरलेली लढत बाहेर राहिली असेल, ती शोधा. पुढे ‘17 केओ’, म्हणजे समोरच्याला नॉकआउट करून मिळवलेले 17 विजय, असं लिहिलं असेल तर ते 31 च्या आतले, वेगळे मिळवायचे नाहीत. केओची टक्केवारी दिसली की कशाने भागलंय ते आधी बघा. 17 ला 31 ने भागलं तर जवळपास 55 टक्के येतात, 51 ने भागलं तर 33. दोन बॉक्सरची तुलना करताना एकाला विजयांनी आणि दुसऱ्याला एकूण लढतींनी भागलेलं असलं की सगळा हिशेबच चुकतो.

आता त्याच्या लढतींची यादी उघडा आणि खालून वर वाचा, कारण बहुतेक याद्यांत शेवटची लढत सगळ्यात वर असते. इशिमात्सुची सुरुवात 1966 ची. 1970 मध्ये तो पनामात इस्माएल लागुनाकडून तेराव्या राउंडला हरला. सप्टेंबर 1973 मध्ये पुन्हा पनामात, रॉबर्टो दुरानकडून दहाव्या राउंडला. दोन्ही लढती विश्वविजेतेपदाच्या, दोन्ही विजेत्याच्या घरात. स्थानिक स्पर्धेतला एखादा पराभव आणि हे दोन, रेकॉर्डमध्ये तिन्ही सारखेच ‘1’ धरले जातात. म्हणून प्रत्येक हारीपुढे कोणाकडून, कुठे आणि कितव्या राउंडला हे लिहिल्याशिवाय मत बनवू नका.

दुरानकडून हरल्यावर सातच महिन्यांनी पुढची महत्त्वाची ओळ येते: ‘11 एप्रिल 1974, टोकियो, रोडोल्फो गोन्सालेस, मेक्सिको, केओ 8’. हा 8 म्हणजे आठवा राउंड, मिनिटं नव्हेत. आधीचे सात राउंड तीन-तीन मिनिटांचे, म्हणजे 21 मिनिटं खेळून झाल्यावरचा हा केओ आहे. याच विजयाने इशिमात्सु विश्वविजेता झाला. (जिंकल्यावर मूठ उंचावण्याला जपानीत ‘गट्स पोझ’ म्हणतात आणि या विजयावरून 11 एप्रिल हा तिथे गट्स पोझचा दिवस मानतात. रेकॉर्डमध्ये हे कुठून येणार?)

बरोबरीच्या रकान्याकडे कुणी बघत नाही, पण बघावं. सप्टेंबर 1974 मध्ये तुरी पिनेडाशी झालेली लढत बरोबरीत सुटली. आकड्यात ती विजयही नाही, पराभवही नाही. पण बरोबरीत पट्टा आधीच्या विश्वविजेत्याकडेच राहतो, म्हणजे इशिमात्सुच्या दृष्टीने काम झालं होतं. फेब्रुवारी 1975 मध्ये त्याने स्कॉटलंडच्या केन बुकॅननला 15 राउंडनंतर गुणांवर हरवलं. त्यात केओ नाही, तरी कारकिर्दीतल्या वजनदार विजयांत तो धरायला हवा.

तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पनामात रात्र असते तेव्हा जपानात दुसरा दिवस उजाडलेला असतो, त्यामुळे दुरानची एकच लढत कुठे 8 तर कुठे 9 सप्टेंबरला सापडते. लढत जिथे झाली तिथली तारीख धरा. दुसरं नावाचं: तो आधी सुझुकी इशिमात्सु या नावाने खेळायचा, ‘गट्स’ नंतर आलं. तिसरं वजनाचं. लाइटवेट म्हणजे 135 पौंड, 61.2 किलो. 1977 मध्ये तो थायलंडच्या सेनसाक मुआंगसुरिनकडून हरला, ती लढत 140 पौंडांच्या, म्हणजे 63.5 किलोच्या गटातली. ती लाइटवेटच्या हिशेबात घालू नका.

आपली वही याच पद्धतीने आखा. दोनशे पानी घ्या आणि समोरासमोरची दोन पानं मिळून एक ओळ करा. रकाने: तारीख, गाव, वजन, समोरचा उजवा की डावखुरा, निकाल, राउंड, जजचे गुण, कारण. ‘पंच’ हा शब्द वहीत वापरूच नका. चार महिन्यांनी ‘पंच चुकला’ वाचलं की गुण देणारा चुकला की आपला ठोसा, हे आपल्यालाच कळत नाही.

हौशी लढतीत पाच जज असतील तर 3-2 ने हरणं आणि 5-0 ने हरणं वेगळं लिहा. वॉकओव्हर, म्हणजे समोरचा न उतरल्याने न लढता मिळालेला निकाल, वेगळ्या रकान्यात टाका, विजयांत नको. ‘आरएससी’ म्हणजे रेफ्रींनी लढत थांबवली. ती जखमेमुळे थांबवली की डोक्यावरच्या ठोशांमुळे, ते त्याच दिवशी लिहा. डोक्याचं कारण असेल तर शेजारी किमान 30 दिवसांनंतरची तारीख टाका आणि तोवर स्पारिंग (सरावाच्या लढती) बंद. पुन्हा सुरू करायचं ते डॉक्टरांना दाखवूनच.

वजनाच्या रकान्यात सोलापूरकरांची एक ठरलेली चूक असते: काटा चादरीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला. मऊ जागी काटा दबतो आणि आकडा चुकतो. शहाबादी फरशीवर ठेवा, चारही पाय टेकलेत का बघा, आणि ओळखीच्या दुकानातलं शिक्का मारलेलं 20 किलोचं वजन ठेवून महिन्यातून एकदा तपासा. वजन सकाळी उठल्यावर, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी. मे महिन्यात तासभर दोरीउड्या मारल्यावर किलोभर कमी दिसतं, पण तो निव्वळ घाम आहे, तो आकडा लिहायचा नाही. आणि वहीला जेल पेन नको, ओल्या हाताने अख्खी ओळ पसरते. साधं बॉलपेन पुरतं.