घरातल्या माणसाचे नैराश्य कसे ओळखावे

मराठवाड्यातील खेड्यात 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. 'अंगात ताकदच राहिली नाही', 'झोप येईना', 'कशातच मन लागंना', 'जीव नुसता घाबरा होतोय' अशा शब्दांत माणूस आपले दुखणे सांगतो आणि सलाईन लावून किंवा ताकदीच्या गोळ्या घेऊन घरी परततो. त्यामुळे हा आजार ओळखण्याचे काम बहुतेक वेळा डॉक्टरांच्या आधी घरच्यांवर, भावकीवर किंवा आशाताईंवर येऊन पडते. ते करताना त्या माणसाची तुलना इतरांशी करू नये, त्याच्याच चार-सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करावी. मुळात अबोल असलेला माणूस गप्प बसला तर त्यात नवल नाही, पण रोज पारावर बसून गप्पा रंगवणारे काका पार टाळून मागच्या गल्लीने घरी येऊ लागले, तर आपण थांबून पाहिले पाहिजे.

पाहायच्या मुख्य गोष्टी दोन आहेत. एक म्हणजे मन सतत उदास किंवा रिकामे असणे, आणि दुसरी म्हणजे पूर्वी ज्यात जीव रमत असे त्यातला आनंद नाहीसा होणे. या दुसऱ्या लक्षणाकडे आपले फार दुर्लक्ष होते. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, जो माणूस दरवर्षी पाहुण्यांना आग्रहाने शेतात नेऊन भज्जी-आंबील वाढतो, तोच यंदा 'तुम्ही जाऊन या' म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तर घरचे त्याला आळशी ठरवतात. वास्तविक त्याला जावेसेच वाटत नसते आणि ते का वाटत नाही हे त्यालाही सांगता येत नाही.

यांच्या जोडीला आणखी सात लक्षणे येतात: झोप बिघडणे, विशेषतः पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, भूक व वजन घटणे किंवा वाढणे, काहीही न करता थकवा येणे, बोलणे-चालणे मंदावणे किंवा उलट एका जागी बसवेनासे होणे, साध्या हिशेबातही चित्त न लागणे, 'माझ्यामुळेच घर बुडाले' अशी अपराधी भावना, आणि मरणाचे विचार. या नऊंपैकी किमान पाच लक्षणे, त्यांत पहिल्या दोनपैकी निदान एक, सलग दोन आठवडे जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ राहिली व त्यांनी रोजचे जगणे अडले, तर डॉक्टर नैराश्याच्या आजाराचा विचार करतात. पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली याच नऊ गोष्टी विचारते. प्रत्येकीला ० ते ३ गुण असतात आणि एकूण २७ पैकी १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बेरीज कितीही कमी असली तरी तपासणी लांबवू नये.

आपल्या भागात मात्र एक अडचण आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत घातक आहे. इथे दुःखाला कारण शोधावे लागत नाही. गारपिटीने हरभरा झोपलेला असतो, सोयाबीनला भाव नसतो, ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते, मुलीचे लग्न तोंडावर असते. मग माणूस खचला की सगळे म्हणतात, 'कर्ज आहे, तो असा वागणारच.' कारण कळले म्हणून आजार नाही असे होत नाही. सापाने चावल्याचे कळले तरी उपचार करावेच लागतात. साध्या दुःखात माणूस रडतो, पण नातवाने गळ्यात हात टाकले की घटकाभर का होईना हसतो. आजारात तेही हसू बहुधा उमटत नाही, आणि त्याच्या बोलण्यात नुकसानापेक्षा स्वतःच्या नालायकीचाच उल्लेख वाढत जातो.

प्रत्येकाच्या बाबतीत उदासी डोळ्यांत दिसेलच असे नाही. पुरुषांत ती पुष्कळदा चिडचिडीतून आणि वाढलेल्या दारूतून बाहेर येते, तर म्हाताऱ्या माणसांत अंगदुखीच्या किंवा विसरभोळेपणाच्या तक्रारीतून. बाळंतिणीला बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, म्हणून तिला बाहेरची बाधा झाली असे समजू नये. लातूरला खोली घेऊन वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारा मुलगा घरचा फोन उचलेनासा झाला, जेवणाचा डबा तसाच परत जाऊ लागला, तर गुणांची चौकशी बाजूला ठेवून त्याला भेटायला जावे.

विचारताना चारचौघांत विचारू नये. बांधावर किंवा ओसरीत दोघेच असताना 'दादा, आजकाल तुम्ही पहिल्यासारखे बोलत नाहीत, झोप होते का नीट?' अशी सुरुवात करावी आणि उत्तराला वेळ द्यावा. नंतर स्पष्टपणे विचारावे, 'जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?' असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला मोकळे होता येते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घरातून व शेतातल्या आखाड्यावरून हलवून कुलुपात ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टेलि-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून तिथे मराठीत बोलता येते.

उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवता येते. घरचे देवऋषाकडे जाऊ पाहत असतील तर त्यावरून भांडण करण्यात दिवस घालवू नयेत, मात्र डॉक्टरांची भेट आधी पार पाडावी. थायरॉईडचा आजार, रक्तक्षय आणि बी-१२ ची कमतरता यांतही असाच थकवा येतो, म्हणून रक्त तपासून घ्यावे. पूर्वी कधी काही दिवस झोपेविना अतिउत्साहात, वारेमाप खर्च करत गेले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यावरून औषध बदलते. औषधाचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून किंवा बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत, आणि पुढच्या तारखेला घरातल्या कोणीतरी सोबत जावे.