घोट्याचं फ्रॅक्चर : ऑर्थोच्या फर्स्ट इयर रेसिडेंटसाठी

"पाय मुरगळलाय" म्हणत कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटची फिल्म आधी आणि पाय नंतर बघायची सवय फार लवकर लागते. ती लागू देऊ नका. कपडा गुडघ्याच्या वर सरकवा, तेल-हळदीचा लेप असेल तर पुसून घ्या आणि एका बोटाने दाबत जा: आतल्या आणि बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेचे खालचे ६ सेंमी, नॅव्हिक्युलर (पावलाच्या आतल्या बाजूचं हाड), पाचव्या मेटाटार्सलचा (करंगळीमागच्या लांब हाडाचा) बेस. हाडावर दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. हे झाले ओटावा रूल्स, म्हणजे एक्स-रे कुणाचा काढायचा ते ठरवायचे नियम.

त्यात नसलेल्या दोन जागाही तपासाच. गुडघ्याखाली फिब्युलाच्या (पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) वरच्या टोकाशी दुखलं तर गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची फिल्म मागवा. मेझोनोव्ह फ्रॅक्चर, म्हणजे घोट्याच्या इजेसोबत फिब्युला वर मोडणं, हमखास सुटतं, कारण घोट्याच्या फिल्ममध्ये ते येतच नाही. दुसरी जागा अकिलिस टेंडन. पेशंटला पालथं झोपवून पोटरी दाबा. पाऊल हललं नाही तर टेंडन तुटलंय. पेशंट स्वतः पाऊल खाली करून दाखवतो, त्यावर विसंबू नका. इतर फ्लेक्सर स्नायू तेवढं काम करतात.

तळव्यावर मधोमध काळं-निळं दिसलं तर लिसफ्रँक इंजरी (पावलाच्या मधल्या सांध्यांची इजा) मनात आणा. झोपवून काढलेली फिल्म नॉर्मल दिसू शकते. सहन होत असेल तर दोन्ही पायांवर वजन देऊन उभ्याने फिल्म काढा. एपीमध्ये (समोरून काढलेल्या फिल्ममध्ये) दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या आतल्या कडेशी एका रेषेत हवी.

घोट्यासाठी एपी आणि लॅटरलबरोबर मॉर्टिस व्ह्यू, म्हणजे पाय १५ ते २० अंश आत वळवून. मीडियल क्लिअर स्पेस, म्हणजे आतला घोटा आणि टॅलस (घोट्याच्या सांध्यातलं खालचं हाड) यांच्यातली फट, ४ मिमीपेक्षा जास्त असेल तर डेल्टॉइड (आतल्या बाजूचं लिगामेंट) तुटल्याची शंका घ्या, मग आतलं हाड शाबूत का असेना.

सांधा निखळलेला असेल आणि कातडी ताणून पांढरी पडली असेल, तर एक्स-रेसाठी थांबायचं नाही. पल्स आणि संवेदना नोंदवा, गुडघा वाकवून पोटरी सैल करा, सांधा बसवा, प्लास्टरचा स्लॅब द्या, पुन्हा पल्स बघा. फिल्म त्यानंतर. उशीर झाला तर कातडी मरते आणि पुढचं सगळं बिघडतं.

ऑपरेशन कधी, हे सूज ठरवते. पाय उंचावर ठेवा आणि कातडीला सुरकुत्या पडायची वाट बघा. फोड आलेल्या जागेवर चीर देऊ नका, विशेषतः रक्ताळलेल्या फोडावर. तोवर टॅलस स्लॅबमध्ये जागेवर राहत नसेल तर एक्स्टर्नल फिक्सेटर (बाहेरून धरून ठेवणारी चौकट) लावा.

टेबलावर खरी गोष्ट फिब्युलाची लांबी. ती आखूड राहिली किंवा फिरलेली राहिली की टॅलस बाहेर सरकतो आणि सांधा लवकर झिजतो. तिरक्या फ्रॅक्चरला लॅग स्क्रू (दोन तुकडे एकमेकांवर आवळणारा): जवळच्या कॉर्टेक्सला ३.५ मिमी ड्रिल, पलीकडे २.५. त्यावर वन-थर्ड ट्यूब्युलर प्लेट. खालचे स्क्रू एकाच कॉर्टेक्सचे ठेवा, नाहीतर टोक सांध्यात जातं. चीर वर वाढवताना सुपरफिशियल पेरोनियल नर्व्ह आडवी येते. ती शोधून बाजूला घ्या. आतल्या घोट्यात फट बसत नसेल तर जोर लावू नका. आत पेरिऑस्टियम (हाडावरचा पडदा) अडकलेलं असतं, ते उचला. ४ मिमीचे अर्धवट आट्यांचे दोन स्क्रू साधारण ४० ते ४५ मिमीचे पुरतात. जास्त लांब घेतले तर आटे पोकळ हाडात जातात आणि पकड सुटते.

दोन्ही बाजू फिक्स झाल्यावर हुकने फिब्युला बाहेर ओढून सी-आर्मखाली (ऑपरेशनमधल्या एक्स-रे मशीनखाली) सिंडेस्मोसिस, म्हणजे टिबिया आणि फिब्युला यांचा खालचा जोड, तपासा. ही पायरी कधीच टाळू नका. उघडत असेल तर सांध्याच्या २ ते ४ सेंमी वर, सांध्याला समांतर, मागून पुढे २५ ते ३० अंशांत स्क्रू. क्लॅम्प तिरका लागला तर फिब्युला चुकीच्या जागी आवळली जाते, आणि एपी फिल्मवर ते कळत नाही. म्हणून लॅटरल बघा, शक्य तर दुसऱ्या घोट्याशी ताडून.

डायबेटिक पेशंटचा हिशेब वेगळा. १० ग्रॅम मोनोफिलामेंटने तळवा तपासा. कळत नसेल तर फिक्सेशन नेहमीपेक्षा भक्कम करा आणि वजन टाकायला साधारण दुप्पट काळ थांबवा. दुखत नाही म्हणून पेशंट चालायला लागतो आणि प्लेट वाकते. जखम नसताना पाऊल लाल, गरम, सुजलेलं असेल तर लगेच सेल्युलायटिस लिहू नका. पाय दहा मिनिटं उंच धरा. लाली उतरली तर शार्कोची (संवेदना गेलेल्या पावलातली हाडं-सांधे ढासळण्याची) शक्यता धरा, स्लॅब द्या आणि वजन टाकणं त्याच दिवशी बंद करा.